उघड्या डोक्याचा हट्ट

१/ सायकलस्वाराने हेल्मेट घालावे की नाही? या प्रश्नावरची एक कडवी लढाई युरोपातील व्यावसायिक सायकल शर्यतींत लढली गेली. हेल्मेटच्या विरोधात उभे होते ते खुद्द स्वारच.

२/ पूर्वी स्वार उघड्या डोक्याने किंवा कापडी टोपी घालून धावत. काहीजण चामडी पट्ट्यांची जाळीदार टोपी वापरत. पण मोठा आघात पेलण्याची ताकद तिच्यात नव्हती. १९७५ साली अमेरिकेतील बेल कंपनीने कठीण कवच आणि आत फोम असलेले, खास सायकलस्वारांसाठीचे हेल्मेट बाजारात आणले. आघात होताच फोम चुरडतो आणि डोक्याला बसणारा धक्का सौम्य होतो.

३/ १९९१ मध्ये आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने (यूसीआय) हेल्मेटची सक्ती केली. फ्रान्समधील पॅरिस–नीस शर्यतीत स्वारांनी संप पुकारला. घाटात उन्हाने जीव कासावीस होतो; शिवाय डोके आमचे, निर्णयही आमचाच, अशी त्यांची भूमिका होती. संघटनेने माघार घेतली.

४/ १८ जुलै १९९५. तूर द फ्रान्समध्ये पिरेनीज पर्वतातील उतारावर बार्सिलोना ऑलिंपिकचा सुवर्णविजेता, इटलीचा फाबियो कासार्तेल्ली कोसळला. वय अवघे २४. डोक्यावर हेल्मेट नव्हते. हेल्मेटने तो वाचला असता का, यावर मतभेद राहिले. नियम बदलला नाही.

५/ मार्च २००३. पुन्हा तीच पॅरिस–नीस शर्यत. कझाकस्तानचा आंद्रेई किविलेव डोक्यावर पडला आणि दुसऱ्या दिवशी मरण पावला. त्याच्याही डोक्यावर हेल्मेट नव्हते. ज्या शर्यतीत सक्ती हाणून पाडली गेली होती, तिथेच १२ वर्षांनी हा बळी गेला.

६/ मे २००३ पासून यूसीआयने हेल्मेट अनिवार्य केले. शेवटच्या दीर्घ चढावर ते काढण्याची मुभा तेवढी राहिली. पुढे तीही गेली. आज त्या शर्यतींत उघड्या डोक्याचा स्वार दिसत नाही.

७/ मात्र शर्यतीतला नियम शहराला जसाच्या तसा लागू होईलच असे नाही. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने १९९० मध्ये सर्व सायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. नेदरलँड्सने अशी सरसकट सक्ती न करता मोटारींपासून अलग सायकलमार्ग बांधण्यावर भर दिला.

८/ हेल्मेट पडलेल्याचे डोके सावरते. मोटारीची धडक मात्र ते टाळू शकत नाही. ते काम रस्त्याच्या रचनेचे. म्हणून घालावे की नाही, एवढे विचारून भागत नाही. स्वार पडतो कशामुळे, हेही विचारावे लागते.