हवाई राज्यातील १९६० ची अध्यक्षीय निवडणूक : ११५ मतांचा निर्णय आणि मुदतीचा प्रश्न

प्रस्तावना

अमेरिकेच्या १९६० च्या अध्यक्षीय निवडणुकीत जॉन एफ. केनेडी यांनी रिचर्ड निक्सन यांचा पराभव केला. देशभरातील सुमारे ६ कोटी ८८ लाख मतांत दोघांमधील अंतर प्रचलित गणनेनुसार १ लाख १२ हजारांहून थोडेच अधिक होते. या निवडणुकीची चर्चा बहुधा इलिनॉय व टेक्सास या दोन राज्यांभोवती फिरते. परंतु मतांचे सर्वांत कमी अंतर पडले ते प्रशांत महासागरातील हवाई या नवजात राज्यात. तेथे केनेडी यांना ९२,४१० तर निक्सन यांना ९२,२९५ मते मिळाली. फरक अवघा ११५ मतांचा, म्हणजे दोघांच्या एकत्रित मतांच्या सुमारे ०.०६ टक्के इतका होता.

हवाईच्या वाट्याला केवळ ३ निर्वाचक मते होती आणि त्यांच्यावाचूनही केनेडी यांचे बहुमत अबाधित होते. त्यामुळे हा प्रसंग दीर्घकाळ इतिहासाच्या तळटीपेतच राहिला. तथापि, एका राज्यातून निर्वाचकांच्या दोन परस्परविरोधी याद्या आल्यास कोणती ग्राह्य धरावी, आणि कायद्याने नेमलेली मुदत उलटून गेल्यानंतर हाती आलेली अचूक मोजणी स्वीकारावी की नाही, हे दोन प्रश्न या प्रसंगाने उपस्थित केले. २००० व २०२० मध्ये ते अत्यंत तीव्र स्वरूपात पुन्हा पुढे आले. प्रस्तुत निबंधात हवाईमधील घटनाक्रमाची मांडणी करून त्याच्या घटनात्मक अर्थाचा विचार केला आहे.

राजकीय पार्श्वभूमी

हवाईमधील राजसत्ता १८९३ मध्ये उलथवली गेली, १८९८ मध्ये अमेरिकेने ही बेटे आपल्या राज्यात विलीन केली आणि १९०० पासून तेथे प्रादेशिक शासन सुरू झाले. प्रदेश हे राज्य नसल्याने तेथील नागरिकांना अध्यक्षीय निवडणुकीत मतदानाचा अधिकार नव्हता. कर द्यावा, युद्धात लढावे, परंतु राष्ट्रप्रमुख निवडण्यात वाटा नसावा, अशी ही स्थिती सहा दशके टिकली.

या काळात साखरमळ्यांचे मालक व त्यांच्याशी निगडित मोठ्या व्यापारी कंपन्या यांचे अर्थकारणावर वर्चस्व होते आणि रिपब्लिकन पक्ष हा त्यांचा स्वाभाविक राजकीय आधार होता. दुसऱ्या महायुद्धानंतर हे चित्र पालटू लागले. १९४६ चा साखर कामगारांचा आणि १९४९ चा गोदी कामगारांचा संप यांतून संघटित कामगारवर्गाचे सामर्थ्य प्रकट झाले. युद्धात पराक्रम गाजवून परतलेल्या जपानी वंशाच्या सैनिकांची पिढी राजकारणात उतरली. १९५२ च्या कायद्याने जपानमध्ये जन्मलेल्या स्थलांतरितांना नागरिकत्वाचा मार्ग मोकळा झाला. या सर्वांच्या बळावर डेमोक्रॅटिक पक्षाने १९५४ मध्ये प्रादेशिक विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत बहुमत मिळविले.

२१ ऑगस्ट १९५९ रोजी हवाई हे अमेरिकेचे पन्नासावे राज्य झाले. त्या वर्षीच्या निवडणुकांत कोणत्याही एका पक्षाची सरशी झाली नाही. गव्हर्नरपद रिपब्लिकन पक्षाच्या विल्यम क्विन यांच्याकडे गेले. सिनेटच्या दोन जागांपैकी एक रिपब्लिकन हिराम फाँग यांना तर दुसरी डेमोक्रॅट ओरेन लाँग यांना मिळाली. प्रतिनिधिगृहातील एकमेव जागा डेमोक्रॅट डॅनियल इनोये यांनी जिंकली. दोन्ही पक्ष इतके तुल्यबळ असताना १९६० ची लढत चुरशीची होणे क्रमप्राप्तच होते. पन्नासही राज्यांना भेट देण्याचे वचन निक्सन यांनी दिले होते आणि त्यानुसार ऑगस्ट १९६० मध्ये ते हवाईत येऊनही गेले होते.

पहिली मोजणी आणि पहिले प्रमाणपत्र

८ नोव्हेंबर १९६० रोजी हवाईच्या मतदारांनी प्रथमच अध्यक्षपदासाठी मतदान केले. अधिकृत मोजणीत निक्सन १४१ मतांनी पुढे असल्याचे जाहीर झाले. या आधारे २८ नोव्हेंबर रोजी प्रभारी गव्हर्नर या नात्याने जेम्स केअलोहा यांनी रिपब्लिकन निर्वाचकांच्या निवडीचे प्रमाणपत्र दिले.

येथे अमेरिकन पद्धतीचा एक विशेष ध्यानात घेणे आवश्यक आहे. भारतातही राष्ट्रपतीची निवड निर्वाचकगणामार्फत होते. परंतु तो गण संसद व विधानसभांच्या निर्वाचित सदस्यांचा असतो आणि निवडणुकीसंबंधीचा कोणताही वाद संविधानाच्या अनुच्छेद ७१ नुसार सर्वोच्च न्यायालयाकडे जातो. अमेरिकेत मतदार प्रत्यक्षात उमेदवाराच्या नावे बांधील असलेल्या निर्वाचकांची निवड करतात. हे निर्वाचक आपापल्या राज्यात एकाच दिवशी मतदान करतात आणि त्यांची मते काँग्रेसच्या संयुक्त अधिवेशनात मोजली जातात. राज्यातील वाद मुख्यतः राज्याच्याच कायद्यानुसार व न्यायालयांत सुटावा अशी अपेक्षा असते.

१८७६ च्या निवडणुकीत फ्लोरिडा, लुइझियाना व साउथ कॅरोलिना या राज्यांतून दुहेरी प्रमाणपत्रे आल्याने गंभीर पेच उद्भवला होता. त्यातून धडा घेऊन काँग्रेसने १८८७ मध्ये निर्वाचक मतमोजणी कायदा संमत केला. निर्वाचकांच्या बैठकीपूर्वी किमान सहा दिवस आधी राज्याने वादाचा अंतिम निवाडा केल्यास तो काँग्रेसवर बंधनकारक ठरेल, अशी त्यात तरतूद होती. दोन सभागृहांत मतभेद झाल्यास गव्हर्नरने प्रमाणित केलेली यादी ग्राह्य धरावी असेही त्यात म्हटले होते. १९६० मध्ये निर्वाचकांची बैठक १९ डिसेंबरला होती. म्हणजेच सुरक्षित मुदत १३ डिसेंबरला संपत होती.

फेरमोजणी आणि दोन बैठका

डेमोक्रॅटिक पक्षाने निकालाला न्यायालयात आव्हान दिले. ‘लम विरुद्ध बुश’ या नावाने ओळखला जाणारा हा दावा न्यायाधीश रोनाल्ड जेमिसन यांच्यापुढे चालला. येथील ‘बुश’ म्हणजे रिपब्लिकन निर्वाचकांपैकी एक असलेले गेव्हिएन बुश होत. पुढे अध्यक्ष झालेल्या बुश घराण्याशी त्यांच्या नावाचा संबंध जोडण्याचे कारण नाही. राज्य शासनाचा युक्तिवाद मुख्यतः कालमर्यादेवर आधारलेला होता. वेळेत पूर्ण होऊ न शकणारी फेरमोजणी निरर्थक होय, असे त्याचे सार होते. न्यायाधीशांनी तो मान्य केला नाही. आरंभी मर्यादित असलेली फेरमोजणी पुढे संपूर्ण राज्यापर्यंत विस्तारली.

१९ डिसेंबर उजाडला तेव्हा फेरमोजणी अपूर्ण होती. होनोलुलूतील इओलानी राजवाडा हे त्या वेळी राज्य शासनाचे मुख्यालय होते. त्या दिवशी प्रमाणपत्र हाती असलेल्या तीन रिपब्लिकन निर्वाचकांनी निक्सन यांना मते दिली. त्याच दिवशी तीन डेमोक्रॅटिक निर्वाचकांनीही बैठक घेऊन केनेडी यांना मते दिली आणि आपले मतपत्र वॉशिंग्टनला रवाना केले. त्या घटकेला त्यांच्याकडे गव्हर्नरचे प्रमाणपत्र नव्हते, केवळ न्यायालयात प्रलंबित असलेला दावा होता.

या तीन निर्वाचकांची पार्श्वभूमी बोलकी आहे. विल्यम हीन हे अनुभवी विधिज्ञ व राजकारणी होते. डेल्बर्ट मेट्झगर हे माजी संघीय न्यायाधीश. युद्धकाळात हवाईत लष्करी कायदा लागू असताना बंदीप्रत्यक्षीकरणाच्या प्रकरणात न्यायालयाचा अवमान केल्याबद्दल त्यांनी १९४३ मध्ये लष्करी सेनापतीलाच दंड ठोठावला होता. तिसऱ्या जेनी विल्सन या ८८ वर्षांच्या होत्या आणि तरुणपणी राजा कलाकौआ यांच्या दरबारात हुला नर्तकी होत्या. राजेशाही, प्रजासत्ताक, प्रदेश व राज्य अशी चारही स्थित्यंतरे पाहिलेल्या या स्त्रीने आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यात अध्यक्षीय निर्वाचक म्हणून मत दिले. ज्या जनतेला साठ वर्षे या निवडीत स्थान नव्हते, तिच्या दृष्टीने पहिल्याच मताची अचूक मोजणी होणे ही केवळ तांत्रिक बाब नव्हती.

३० डिसेंबर रोजी न्यायाधीश जेमिसन यांनी केनेडी ११५ मतांनी विजयी झाल्याचा निर्णय दिला. निर्वाचकांनी नेमलेल्या दिवशी मतदान केले नसते तर हा निर्णय निष्फळ ठरला असता, कारण संविधानानुसार तो दिवस देशभर एकच असावा लागतो. म्हणून १९ डिसेंबरच्या त्या बैठकीला निर्णायक महत्त्व प्राप्त होते. ४ जानेवारी १९६१ रोजी गव्हर्नर क्विन यांनी, स्वतः रिपब्लिकन असूनही, डेमोक्रॅटिक निर्वाचकांच्या निवडीचे सुधारित प्रमाणपत्र दिले.

संयुक्त अधिवेशन

६ जानेवारी १९६१ रोजी काँग्रेसचे संयुक्त अधिवेशन भरले. उपाध्यक्ष या नात्याने सिनेटचे अध्यक्षस्थान निक्सन यांच्याकडे होते. म्हणजे ज्यांचा दावा तपासायचा त्यांच्याच हाती सभेचे संचालन होते. हवाईची पाळी येताच त्यांनी तेथून आलेली परस्परविरोधी कागदपत्रे सभेपुढे मांडली. गव्हर्नरचे ४ जानेवारीचे प्रमाणपत्र वस्तुस्थितीशी सुसंगत असल्याचे सांगून त्यांनी डेमोक्रॅटिक निर्वाचकांची मते मोजावीत असे सुचविले. मात्र यातून पूर्वोदाहरण निर्माण करण्याचा हेतू नाही, असेही त्यांनी स्पष्ट केले. कोणत्याही सदस्याने हरकत घेतली नाही.

५३७ निर्वाचक मतांपैकी केनेडी यांना ३०३, निक्सन यांना २१९ आणि हॅरी बर्ड यांना १५ मते मिळाली. स्वतःच्या पराभवाची घोषणा स्वतःच करण्याचा असा प्रसंग १८६१ नंतर प्रथमच आला होता आणि निक्सन यांनी आपल्या भाषणात त्याचा उल्लेख केला.

निक्सन यांच्या या कृतीचे मूल्यमापन संयमाने करावे लागेल. हवाईची ३ मते कोणत्याही बाजूस गेली तरी अंतिम निकाल बदलणार नव्हता. बहुमतास २६९ मते पुरेशी होती आणि हवाई वगळताही केनेडी यांच्याकडे ३०० मते होती. औदार्याची किंमत अल्प होती, हे मान्यच करावे लागते. तरीही आपल्या पक्षाच्या बाजूने दिले गेलेले औपचारिक प्रमाणपत्र बाजूस सारून, न्यायालयीन तपासणीतून सिद्ध झालेल्या मोजणीला त्यांनी अग्रक्रम दिला, हेही तितकेच खरे.

पूर्वोदाहरणाचे उत्तरायुष्य

निक्सन यांची इच्छा काहीही असली तरी हवाईचा प्रसंग पूर्वोदाहरण ठरलाच. २००० मध्ये फ्लोरिडातील ५३७ मतांच्या फरकावरून उद्भवलेला वाद संघीय सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. सुरक्षित मुदत संपत असल्याचे कारण पुढे करून बहुमताने फेरमोजणी थांबविली. न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी आपल्या भिन्नमतपत्रात हवाईचा दाखला दिला. मुदत उलटल्यानंतरही काँग्रेसने १९६१ मध्ये सुधारित निकाल स्वीकारला होता, याकडे त्यांनी लक्ष वेधले.

२०२० मध्ये याच दाखल्याचा वेगळा उपयोग झाला. डोनाल्ड ट्रम्प यांचा पराभव झालेल्या सात राज्यांत त्यांच्या बाजूच्या निर्वाचकांनी १४ डिसेंबर रोजी स्वतंत्र बैठका घेऊन कागदपत्रे पाठविली आणि त्यांच्या समर्थक विधिज्ञांनी हवाईचे उदाहरण पुढे केले. बाह्य साम्य असले तरी दोहोंतील भेद मूलभूत आहे. हवाईत न्यायालयाच्या आदेशाने फेरमोजणी प्रत्यक्ष सुरू होती. २०२० मध्ये त्या दिवशी कोणत्याही राज्यात तशी फेरमोजणी चालू नव्हती. हवाईत न्यायालयाने निकाल फिरविला व गव्हर्नरने नवे प्रमाणपत्र दिले. २०२० मध्ये यांपैकी काहीही घडले नाही. हवाईत अध्यक्षस्थानी असलेल्या व्यक्तीने स्वतःच्या विरोधात जाणारा निकाल मान्य केला. २०२१ मध्ये मात्र अध्यक्षस्थानी असलेल्या उपाध्यक्षांवर निकाल डावलण्यासाठी दबाव आणला गेला आणि माइक पेन्स यांनी त्यास नकार दिला.

या अनुभवातून २०२२ मध्ये १८८७ च्या कायद्यात सुधारणा करण्यात आली. मतमोजणीतील उपाध्यक्षाची भूमिका केवळ औपचारिक असल्याचे स्पष्ट करण्यात आले. हरकतीसाठी प्रत्येक सभागृहातील एक पंचमांश सदस्यांचा पाठिंबा आवश्यक ठरला. न्यायालयीन आदेशानुसार सुधारलेले प्रमाणपत्र आधीच्या प्रमाणपत्राची जागा घेईल, अशीही तरतूद झाली. १९६१ मध्ये जे परस्परसंमतीने घडले होते, त्याला अशा रीतीने कायद्याचा आधार मिळाला.

निष्कर्ष

हवाईच्या प्रसंगातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, निवडणूक कायद्यातील मुदती आवश्यक असल्या तरी त्या अचूक मोजणीचे साधन आहेत, तिचा पर्याय नव्हेत. दुसरी, पर्यायी यादीची वैधता ती पाठविणाऱ्यांच्या विश्वासावर नव्हे, तर तिच्या पाठीशी असलेल्या न्यायिक तपासणीवर व सक्षम अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावर अवलंबून असते. तिसरी, उत्तम कायदाही पराभूत पक्षाच्या संमतीवाचून अपुरा पडतो. राज्य शासनाने फेरमोजणीला न्यायालयात विरोध केला, परंतु निर्णय झाल्यानंतर त्याच पक्षाच्या गव्हर्नरने त्यावर स्वाक्षरी केली. विरोध करण्याचा हक्क आणि निर्णय मान्य करण्याचे कर्तव्य या दोहोंचा असा मेळ हवाईत १९६० साली बसला, आणि म्हणूनच निकाल न बदलणाऱ्या या ११५ मतांचा अभ्यास आजही उपयुक्त ठरतो.