बवाजाचे शेत आणि केडगावचे शेत



रूथचे पुस्तक आपण बहुतेक वेळा लग्नाच्या उपदेशात ऐकतो. पण त्या पुस्तकाची सुरुवात लग्नाने होत नाही, दुष्काळाने होते. बेथलेहेम म्हणजे भाकरीचे घर. त्याच गावात भाकर उरली नाही म्हणून नामीचे कुटुंब मवाबात गेले. परतताना नामी विधवा होती आणि सोबत आलेली सूनही विधवाच.

बवाजाने या दोघींसाठी काय केले, ते नीट पाहा. त्याने रूथला जेवू घातले. शेतात सरवा वेचू दिला, म्हणजे तिच्या कष्टाला जागा दिली. आणि आपल्या गड्यांना बजावले की या बाईला कोणी त्रास देऊ नये. अन्न, काम आणि अब्रूचे रक्षण. संकटातल्या स्त्रीला या तिन्हींची गरज असते. आपण मात्र बहुधा पहिल्यावरच थांबतो.

आपल्याच भाषेच्या इतिहासात या तिन्ही गोष्टी करून दाखवणारी एक स्त्री होऊन गेली. पंडिता रमाबाईंचे नाव आपल्याला ठाऊक आहे, पण त्यांच्या कामाचे मूळ त्यांच्या स्वतःच्या भुकेत आहे, हे आपण विसरतो.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी समाजाचा विरोध सोसून पत्नीला संस्कृत शिकवले, आणि आईने ते मुलीला दिले. पुराण सांगत हे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरे. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात त्यांच्याजवळचे सारे संपले. वडील गेले, आई गेली, थोरली बहीणही गेली. रमाबाई तेव्हा सोळा वर्षांच्या होत्या. रानातला पाला खाऊन दिवस काढल्याचे त्यांनी पुढे स्वतः लिहिले आहे. त्याच लिखाणात त्यांनी आणखी एक कबुली दिली. आपल्या घराला शास्त्रे येत होती, पण पोट भरेल असे हाताचे काम कोणालाच येत नव्हते. मजुरी करायची लाज वाटे आणि भीकही मागवत नसे.

ही कबुली ध्यानात ठेवली, की पुढचे सारे उलगडते.

१८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले, ते पुढच्या वर्षी पुण्याला आले. मुलींचे धर्मांतर होते अशी टीका झाली, १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. हा कडू भाग आपण झाकून ठेवू नये. दुबळ्याला मदत करताना त्याच्या मनाच्या स्वातंत्र्याला धक्का लागतो आहे का, हा प्रश्न तेव्हाही रास्त होता आणि आजही आहे. रूथने नामीच्या देवाचा स्वीकार स्वतःहून केला. सरव्याच्या बदल्यात बवाजाने तिच्याकडे काहीही मागितले नव्हते.

१८९६–९७ मध्ये मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. रमाबाई तिथे गेल्या. सरकारी दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्या बायका त्यांनी पाहिल्या, गरीबगृहे पाहिली. जिथे पोटाला थोडे मिळत होते, तिथेही तरुण मुली सुरक्षित नव्हत्या. त्यांना फसवून नेणारे, विकत घेणारे लोक आसपासच वावरत होते. रमाबाईंनी हे उघडपणे लिहिले. धान्य पोहोचले म्हणजे मदत पोहोचली असे नव्हे, हे त्यांनी सव्वाशे वर्षांपूर्वीच सांगून ठेवले.

त्यांनी सुमारे तीनशे मुली-बायका आणल्या. पुण्यात त्या वेळी प्लेगमुळे इतक्या जणींना एकत्र ठेवणे शक्य नव्हते. मग पुण्याजवळ केडगावला घेतलेल्या शेतजमिनीवर त्यांची सोय केली. तेच मुक्ती सदन. काही जणी इतक्या खंगल्या होत्या की अन्न मिळूनही त्या वाचल्या नाहीत. ज्या वाचल्या त्यांच्यासाठी रमाबाईंनी आपल्या घराला जे मिळाले नव्हते ते उभे केले, म्हणजे हाताला काम. शेती, विणकाम, शिवण, तेलाचा घाणा, दूधदुभते, छापखाना. सोबत लिहिणे-वाचणे. अंध स्त्रियांसाठी बार्तिमी सदन झाले, फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन.

१९०० सालचा दुष्काळ गुजरात आणि राजपुताना यांवर कोसळला. गुजरातेत त्याला आजही छप्पनिया म्हणतात. त्या वर्षी तिकडच्या मुली मोठ्या संख्येने केडगावला आल्या आणि मुक्तीतली संख्या दीड हजारांच्या वर गेली. या नव्या मुलींना सांभाळायला पुढे झाल्या त्यात आधीच्या दुष्काळातून वाचलेल्या स्त्रियाही होत्या. ज्यांना उचलून आणले, त्याच आता दुसरीला हात देत होत्या.

पुढे रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकचा अभ्यास करून पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर केले. केडगावच्या छापखान्यात त्याचे खिळे जुळवणारे हात स्त्रियांचेच होते. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई प्रभूमध्ये निजल्या. मुक्ती मिशनचे काम आजही चालू आहे.

हे वाचताना आमच्या मंडळीतला एक प्रसंग मला टोचतो. पुरानंतर आम्ही तांदूळ, डाळ आणि ब्लँकेटांचे वाटप ठेवले होते, संध्याकाळी सहा वाजता, कारण आम्हा स्वयंसेवकांना कामावरून सुटल्यावर तीच वेळ सोयीची. रांग आठला संपली. एक आजी पिशवी उचलता उचलता म्हणाल्या, “बाबांनो, देता ते चांगलंच. पण तरण्या पोरींना अंधारात ओझं घेऊन पाठवता, त्याचं काय?” आमच्या समितीत एकही बाई नव्हती. असती, तर ही चूक झालीच नसती.

पुढच्या वेळी मदतीची यादी करताना तीन ओळी आधी लिहू या. हे घ्यायला येणारी सुखरूप घरी पोहोचेल का? धान्य संपल्यावर तिच्या हाताला काम काय? आणि हे ठरवताना तिला कोणी विचारले का?

प्रभू, आमच्या शेताच्या कडा आम्ही कापून नेल्या असतील तर क्षमा कर. भाकर देताना मान राखायला आम्हांला शिकव. आमेन.