तळ्यांचे नगर : गढा-जबलपूरची घडण

नगराचा आरंभ शोधताना इतिहासकार बहुधा किल्ला, राजवाडा अथवा शिलालेख यांकडे वळतो. जबलपूरच्या बाबतीत ही वाट अपुरी पडते. तेथे आरंभ शोधावा लागतो तो तळ्यांच्या पाळींवर. 1910 साली गालिली सरोवराच्या दक्षिण टोकाशी ज्यू वसाहतकारांनी देगानिया वसविले, तेव्हा सरोवर आधीच होते; माणसे त्याच्या काठी आली. गढ्याच्या गोंड राज्यकर्त्यांपुढील प्रश्न याच्या उलट होता. नर्मदा काही कोसांवर असली तरी ती खोल पात्रातून वाहते, आणि मदनमहालच्या कातळी टेकड्यांवरचे पावसाचे पाणी थांबत नाही. ते अडविल्यावाचून मोठी वस्ती टिकणे कठीण होते. येथे माणसांनी आधी सरोवरे निर्माण केली.

सोळाव्या शतकातील संग्रामशहा हा बावन्न गढांचा स्वामी म्हणून ख्यात आहे. बाजनामठाजवळचा संग्रामसागर त्याचे नाव सांगतो. जबलपुरात बावन्न तलाव होते, ही लोकसमजूत जणू त्या बावन्न गढांना दिलेले उत्तरच होय. संख्येचा काटेकोरपणा येथे गौण आहे. राज्याचे वैभव गढांइतकेच जलाशयांतही मोजावे, ही लोकदृष्टी महत्त्वाची.

संग्रामशहाची स्नुषा राणी दुर्गावती. 24 जून 1564 रोजी नर्रईच्या रणात, मोगल सरदार आसफखानाशी लढताना तिने देह ठेवला. इतिहासग्रंथांनी तिचे हे मरण जपले. लोकपरंपरेने तिचे जगणे तीन तळ्यांच्या नावांत जपले. रानीताल राणीचा, आधारताल तिचा मंत्री आधार कायस्थ याचा आणि चेरीताल तिच्या दासीचा. दरबाराच्या बखरीत दासीला क्वचितच जागा मिळते. येथे मात्र तिचे नाव राणीच्या व मंत्र्याच्या नावांशेजारी, त्याच तोलाने उभे आहे.

मराठी वाचकाला हा प्रदेश प्रामुख्याने 1742 मधील बाळाजी बाजीरावाच्या मंडल्यावरील स्वारीमुळे परिचित असतो. पुढे 1781 मध्ये सागरच्या मराठ्यांनी गोंड सत्ता संपविली व जबलपूर हे कारभाराचे ठाणे केले. 1798 नंतर ते नागपूरकर भोसल्यांकडे गेले आणि 1817 च्या डिसेंबरात इंग्रजांच्या हाती पडले. मराठी कुटुंबे या नगरात रुजली; परंतु त्यांनी वसविलेल्या वाड्यांना पाणी देणारी व्यवस्था त्यांच्या आधीची होती. स्वाऱ्यांचा इतिहास लिहिताना हे ऋण सहसा नोंदले जात नाही.

1870 मध्ये मुंबई-कलकत्ता लोहमार्ग जबलपुरात जुळला, नगर फोफावले. खंदारी जलाशयातून नळाचे पाणी आल्यावर तळी उपजीविकेचा आधार न राहता मोकळी जमीन वाटू लागली. हनुमानताल व आधारताल अद्याप आहेत. चेरीताल आता मुख्यतः वस्तीचे नाव आहे, तर रानीतालच्या जागेवर क्रीडांगण उभे आहे. दुर्गावतीचे नाव 1983 मध्ये विद्यापीठाला मिळाले, हा गौरव उचितच. तथापि तिच्या नावाचे पाणी मात्र राखले गेले नाही. स्मारक उभारणे आणि वारसा चालविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्यांतील अंतर पावसाळ्यात जबलपूरच्या सखल वस्त्यांत साचणारे पाणी दरवर्षी दाखवून देते.