खाणीतील धातू आणि भाषेतील धातू

'धातू' या एका शब्दाने मराठीत दोन वस्तूंचा बोध होतो. खाणीतून निघणारे लोह-ताम्रादी पदार्थ हे धातू, आणि वैयाकरण ज्यांपासून शब्द सिद्ध करतो तेही धातूच. पहिल्या प्रकारच्या धातूवर भिलाई उभी आहे. 1955 साली सोविएत संघाशी करार झाला, फेब्रुवारी 1959 मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि दल्ली-राजहऱ्याचे तांबडे खनिज येथे वितळू लागले. दुसऱ्या प्रकारच्या धातूंची आठवण मात्र येथे नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी कुटुंबाला क्वचितच होते. मुले शिकतात इंग्रजीत, खेळतात हिंदीत. मराठी उरते ती ताटावाटीपुरती. इंग्रजी शब्दसंग्रह वाढावा म्हणून त्यांच्याकडून शब्दांच्या याद्या घोकून घेतल्या जातात आणि परीक्षेबरोबर त्या विसरल्याही जातात. यादीपेक्षा मुळाकडे जावे, असे आम्हांस वाटते. आणि तो मार्ग आपल्या चांगल्या परिचयाचा आहे.

इंग्रजी ही मूळची जर्मानिक कुळातली भाषा. 'आयर्न' आणि 'स्टील' हे तिचे घरचे शब्द. 1066 साली नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यावर फ्रेंचच्या द्वारे लॅटिन शब्दांचा ओघ तिच्यात आला. पुढे सोळाव्या-सतराव्या शतकांत पंडितांनी थेट ग्रीक-लॅटिनमधून शब्द आणले. तेव्हा तेथेही वाद माजला. असल्या शब्दांना 'शाईच्या दौतीतले शब्द' म्हणून हिणवण्यात आले. त्यांतले पुष्कळ लोपले, पुष्कळ रुळले. शास्त्रज्ञांनीही हीच वाट धरली. 1777 साली लाव्हाझिए याने 'आम्ल' आणि 'उत्पन्न करणारा' या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांवरून 'ऑक्सिजन' हे नाव घडवले. प्रत्येक आम्लात हा वायू असतोच, ही त्याची समजूत पुढे चुकीची ठरली. नाव मात्र टिकले.

या 'जन'मध्ये आपला 'जन्' धातू वाचकांच्या कानावर आलाच असेल. हे केवळ योगायोगाचे साम्य नव्हे. 2 फेब्रुवारी 1786 रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मुळातून निघाल्या असाव्यात, असे प्रतिपादन केले, आणि पुढच्या शतकातील भाषाशास्त्राने ते सिद्ध केले. त्याचा लाभ आम्हां कचेरीतल्या माणसांना रोज घेता येण्यासारखा आहे. 'दाखविणे' या अर्थाचा संस्कृत 'दिश्' आणि 'सांगणे' या अर्थाचा लॅटिन 'दिकेरे' हे सगोत्र होत. आपल्याकडे त्यापासून आदेश, निर्देश, उपदेश, उद्देश, संदेश झाले; तिकडे डिक्टेशन, इंडिकेट, प्रेडिक्ट, व्हर्डिक्ट, एडिक्ट. उपसर्ग बदलला की अर्थाची दिशा बदलते, ही रीत दोन्हीकडे एकच. तापमापक 'थर्मामीटर'मधील 'थर्म' हा आपल्या 'घर्मा'चा, म्हणजे घामाचा, नातेवाईक. आणि 'मीटर' हा 'मात्रे'चा.

येथे एक सावधगिरी हवी. दल्ली-राजहऱ्याच्या खनिजाचे नाव 'हेमाटाइट'. संस्कृत जाणणाऱ्याला त्यात 'हेम' ऐकू येते आणि तो सोन्याकडे वळतो. वस्तुतः ते ग्रीक 'हैमा', म्हणजे रक्त, यावरून आले. त्या दगडाची भुकटी रक्तासारखी लाल असते म्हणून. तसेच लॅटिन 'देउस' आपल्या 'देवा'चा आप्त आहे, पण त्याच अर्थाचा ग्रीक 'थेओस' नाही. तेव्हा कानाने नाते सुचवावे, पण निर्णय कोशाने द्यावा.

धातूंपासून राज्यकारभाराचे शब्द घडविण्याचा उद्योग आपल्याकडे नवा नाही. 1674 मध्ये राज्याभिषेक झाल्यावर शिवछत्रपतींच्या आज्ञेवरून 'राज्यव्यवहारकोश' तयार झाला. रघुनाथपंत हणमंते यांचे नाव त्याच्याशी निगडित आहे. याच काळात मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री, सरनोबताचा सेनापती. 'पेशवा' या पदालाही 'मुख्य प्रधान' असे नाव मिळाले. पण लोकांच्या तोंडी 'पेशवे'च राहिले आणि इतिहासातही तेच नाव गाजले. उलट 'सचिव' हा शब्द आज दिल्लीपासून मुंबईपर्यंत सरकारी दारांवरच्या पाट्यांत विराजमान आहे.

दुसरा उद्योग आमच्या या प्रदेशाच्या अधिक जवळचा. 1956 पर्यंत दुर्ग जिल्ह्याचा कारभार नागपुराहून चाले, आणि त्या राज्यात हिंदी व मराठी या दोन्ही भाषांना राज्यकारभारात स्थान होते. मुख्यमंत्री पंडित रविशंकर शुक्ल यांच्या प्रोत्साहनाने डॉ. रघुवीर यांनी नागपुरात परिभाषेचे प्रचंड काम केले. 1955 साली त्यांचा बृहत् इंग्रजी-हिंदी कोश निघाला. संस्कृत धातू, उपसर्ग आणि प्रत्यय यांच्या बळावर कोणत्याही इंग्रजी संज्ञेला प्रतिशब्द देता येतो, ही त्यांची श्रद्धा. एका 'यम्' धातूपासून नियम, अधिनियम, विनियम, नियंत्रण असे शब्द सिद्ध होतात आणि हिंदी टिप्पणी लिहिणाऱ्याला व मराठी मसुदा करणाऱ्याला सारखेच कळतात, हे या पद्धतीचे बळ. तिच्यावर टीकाही पुष्कळ झाली. आगगाडीचे 'लोहपथगामिनी' हे नाव तर थट्टेपुरतेच उरले आहे. महाराष्ट्रात 1960 साली भाषा संचालनालय स्थापन झाले आणि 1962 मध्ये 'पदनाम कोश' निघाला, तेव्हाही हाच वाद पुन्हा रंगला.

या इतिहासातून आम्ही एवढेच घेतो की धातू शब्दाला जन्म देतो, पण आयुष्य देतो तो वापर. म्हणून परप्रांती राहणाऱ्या मराठी पालकांना आमची विनंती आहे. मुलाला 'डिक्टेशन' शिकविताना त्याच्या शेजारी 'आदेश' आणि 'संदेश' मांडावे. 'थर्मामीटर' शिकविताना 'घाम' आठवून द्यावा. त्याने इंग्रजी तर पक्की होईलच. पण आपल्या घरी बोलली जाणारी भाषा जेवणाखाण्यापुरती नसून शास्त्र आणि कारभार या दोहोंचे शब्द घडविण्याचे सामर्थ्य तिच्या पदरी आहे, हेही त्याला लहानपणीच कळेल. हे ज्याला कळले नाही, तो मोठेपणी मराठी टाकून देईल, आणि तसे करताना आपण काही गमावीत आहोत असे त्याला वाटणारही नाही.