थंडीच्या मुलखातला पाळणा उन्हात

२९ सप्टेंबर २०१९ रोजी फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये ‘स्कायलायनर’ नावाचा रोपवे सुरू झाला. एका वेळी दहाजणांना घेणारे जवळजवळ तीनशे पाळणे, चार-पाच हॉटेलं आणि दोन मोठी उद्यानं जोडणारे तीन मार्ग, आणि ताशी सुमारे १८ किलोमीटरचा वेग. दोन वर्षांपूर्वी या योजनेची घोषणा झाली, तेव्हापासून लोक एकच प्रश्न विचारत होते: यात एसी आहे का? ऑर्लँडो परिसरात उन्हाळ्यात पारा ३३ अंशांच्या आसपास जातो आणि हवा दमट असते, त्यामुळे घाम लवकर वाळत नाही. पाळण्यात एसी नसेल, वारा खेळता राहील अशी रचना असेल, हे उत्तर अनेकांना कंजुषी वाटलं. माझ्या मते ती कंजुषी नव्हती. पाळण्यातला उकाडा हा काही फक्त फ्लोरिडाच्या उन्हाचा दोष नाही, पाळणा बंद करत आणला त्या इतिहासाचा तो परिणाम आहे. म्हणून त्यावरचा पहिला इलाज बाहेरून थंडावा आणणं हा नसून, बंद करताना जे गमावलं ते परत मिळवणं हा आहे.

दोरावरून माणसं नेण्याची कल्पना जुनी असली, तरी आजच्या अर्थाने प्रवासी रोपवे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जन्मले. स्पॅनिश अभियंता लिओनार्दो तोरेस केवेदो याने १९०७ मध्ये सान सेबास्तियान शहराजवळच्या उलिया डोंगरावर असा रोपवे उभारला. त्यानेच आखलेला नायगारा नदीच्या भोवऱ्यावरचा ‘एअरो कार’ १९१६ मध्ये सुरू झाला आणि तो आजही आहे. तिथे कठडा धरून उभं राहायचं, बाकी चारही बाजूंनी वारा. दुसरी शाखा आल्प्सची. १९०८ मध्ये बोल्झानोजवळ कोलर्न इथे एका हॉटेलमालकाने आपल्या पाहुण्यांसाठी रोपवे बांधला, आणि त्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये ग्रिंडेलवाल्डजवळ वेटरहॉर्नच्या कड्यावर दुसरा सुरू झाला. पुढची पन्नास-साठ वर्षं हे तंत्र मुख्यत्वे आल्प्समध्येच वाढलं, आणि स्कीइंगच्या धंद्याने त्याला पैसा पुरवला. बर्फाळ वाऱ्यात दहा मिनिटं लटकणाऱ्या माणसाला भिंत हवी, काच हवी आणि दाराला फट नको. आज जगभर दिसणारा चकचकीत काचेचा डबा त्या गरजेतून घडला. तो उत्तम डबा आहे, पण थंडी बाहेर ठेवण्यासाठी. काचेतून ऊन आत येतं, आतल्या तापलेल्या पृष्ठभागांची उष्णता काच सहज बाहेर जाऊ देत नाही, आणि भिंती वारा अडवतात. आल्प्समध्ये या तिन्ही गोष्टी गुण ठरतात. उष्ण प्रदेशात त्याच तिन्ही अंगावर येतात.

मनोरंजन उद्यानांत मात्र रोपवे आला तो उघड्या अवतारात. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडने १९५६ मध्ये ‘स्कायवे’ सुरू केला, तो स्वित्झर्लंडच्या फॉन रोल कंपनीकडून घेतलेला. दोघांपुरता गोल, बादलीसारखा पाळणा, डोक्यावर छोटं छत, कमरेच्या वर सगळं मोकळं. पुढे तिथे चौघांचे चौकोनी पाळणे आले, तेही उघडेच. १९७१ मध्ये फ्लोरिडाच्या मॅजिक किंगडममध्ये आणि १९८३ मध्ये टोकियोत याच जातीचे रोपवे आले. फ्लोरिडाचं ऊन १९७१ मध्येही ऊनच होतं. पण छतामुळे डोक्यावर सावली होती आणि चालत्या पाळण्यात अंगावर वारा होता, म्हणून डब्यातला उकाडा हा प्रश्नच उद्भवत नव्हता, कारण डबाच नव्हता. स्कायवेची ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. त्याच हवामानात, त्याच कंपनीच्या उद्यानात, अठ्ठावीस वर्षं माणसं पाळण्यात विजेची एक तारही नसताना सुसह्य हवेत दोरावरून फिरत होती.

तरीही हे तिन्ही स्कायवे बंद झाले: कॅलिफोर्नियातला १९९४ मध्ये, टोकियोतला १९९८ मध्ये, फ्लोरिडातला १९९९ मध्ये. जुनं ते सोनं असं म्हणून इथे थांबता येत नाही. चाकाची खुर्ची त्या पाळण्यात मावत नसे. चारजणांच्या पाळण्यातून आजच्याइतकी माणसं नेता येत नसत. आणि उघडा पाळणा धोकादायक होता. १९९४ मध्येच कॅलिफोर्नियात एक प्रवासी पाळण्यातून खाली झाडावर पडला. आपण स्वतःच उडी मारल्याचं त्याने नंतर कबूल केलं, पण उडी मारणं शक्य होतं हाच तर मुद्दा आहे. लहान मुलं घेऊन येणाऱ्या कुटुंबांना उंचावरून नेणारी व्यवस्था इतकी मोकळी ठेवणं कुठल्याही जबाबदार चालकाला जड जाणारच. त्यामुळे वीस वर्षांनी रोपवे फ्लोरिडात परतला तो ऑस्ट्रियाच्या डॉपेलमायर कंपनीचा, आपोआप बंद होणाऱ्या दारांचा, व्हीलचेअर सामावणारा आणि भिंतींनी वेढलेला. पाळणा भिंतींनी बंद करण्याची कारणं रास्त होती. उकाडा ही त्या रास्त निर्णयाची किंमत होती.

ही किंमत किती, याचा ढोबळ हिशोब घरी बसून करता येतो. शांत बसलेलं माणूस साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकतं, म्हणजे दहाजणांचा भरलेला पाळणा स्वतःच एक किलोवॅटचा हीटर असतो. भर दुपारी स्वच्छ आकाशात एका चौरस मीटरवर सुमारे एक किलोवॅट ऊन पडतं. छत आणि काचेवरचे लेप त्यातलं बरंचसं परतवतील, तरी दीड किलोवॅट आत शिरलं असं समजू. एकूण झाली अडीच किलोवॅट. आता दोन फूट लांब आणि एक फूट रुंद एवढी फट मिळाली, तिच्यातून पाळण्याच्या निम्म्या वेगाने वारा आत आला आणि समोरून बाहेर गेला, तर सेकंदाला जवळजवळ अर्धा घनमीटर हवा बदलते. एवढी हवा एका अंशाने तापायला साधारण ६०० वॅट लागतात. म्हणजे आतली हवा बाहेरच्यापेक्षा चारेक अंशांनी गरम होईल, आणि अंगावर झुळूक असेल. फट दुप्पट केली तर दोन अंश. ऊन अर्ध्याने अडवलं तर आणखी कमी. स्कायलायनरच्या भिंतींमध्ये हवेसाठी कायमच्या उघड्या जागा ठेवल्या आहेत, आणि अनेक पाळण्यांच्या काचांवर चित्रांची आवरणं चढवली आहेत. ती आवरणं सजावटीसाठी असली, तरी जेवढी काच झाकली जाते तेवढं ऊनही अडतं. सावली, आरपार वारा आणि चालता दोर या तिन्हींच्या जिवावर हा डबा जगतो.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. त्याच डिस्ने वर्ल्डमध्ये १९७१ पासून मोनोरेल धावते आणि तिच्या डब्यांत एसी आहे. लंडन आयच्या काचेच्या कुप्यांतही आहे. मग पाळण्यालाच का नाही? उत्तर विजेच्या वाटेत आहे. मोनोरेलच्या तुळईला लगटून विजेची पट्टी धावते. लंडन आयची कुपी चाकाला कायमची जोडलेली असल्याने तिला चाकावरूनच वीज मिळते. रोपवेचा पाळणा मात्र पोलादी दोराला पकडीने धरतो, स्थानकात तो दोर सोडतो, हळू सरकत माणसं घेतो आणि पुन्हा दोर पकडतो. दोर त्याला ओढतो, पण वीज देत नाही. स्थानकाबाहेर पाळण्याजवळ सहसा एसी चालवण्याजोगी स्वतःची ऊर्जा नसते, आणि हेच या यंत्राचं मोठं यश आहे. मोटर स्थानकात, बिघडण्यासारखं जवळजवळ सगळं स्थानकात, आणि हवेत लटकणारा भाग शक्य तितका साधा.

दुसरा आक्षेप असा की आता बॅटऱ्या आहेत. तोही झटकून टाकण्यासारखा नाही. पाळण्याला थंड ठेवायला दीड-दोन किलोवॅट वीज लागली, तर पंधरा मिनिटांच्या फेरीला अर्धं युनिट पुरेल, आणि एवढी वीज साठवणारी बॅटरी चार-पाच किलोची होते. फक्त फेरीपुरतं पाहिलं तर काम अवघड नाही. कठीण आहे ते असं की पाळणा स्थानकात मिनिटभरच असतो. मिनिटाभरात अर्धं युनिट भरायचं तर ३० किलोवॅटच्या दराने भरावं लागेल, आणि एका मागोमाग एक येणाऱ्या शेकडो पाळण्यांना दिवसभर. शिवाय प्रत्येक पाळण्यात कॉम्प्रेसर, पंखे आणि गॅसच्या नळ्या असे तीनशे संच हवेत हलत-डुलत फिरणार. हेही पैसे आणि कष्ट घालून जमेल. म्हणून एसी अशक्य आहे, असा युक्तिवाद मी करत नाही.

माझा युक्तिवाद थांबलेल्या पाळण्याबद्दल आहे. रोपवे थांबतो. मध्य फ्लोरिडात उन्हाळी दुपारी विजांचा कडकडाट नेहमीचा, आणि विजा जवळ आल्या की रोपवे बंद ठेवावा लागतो. सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता तोच, ५ ऑक्टोबर २०१९ च्या संध्याकाळी, स्थानकात पाळणे एकमेकांवर आदळले, आणि कित्येक प्रवासी सुमारे तीन तास हवेत अडकून पडले. सूर्य कलल्यानंतर हे घडलं हे नशीब. वरचा हिशोब इथे उलटा वाचावा लागतो. चालता वारा गेला आणि हवेचा प्रवाह दहा पटींनी घटला, तर तोच अडीच किलोवॅटचा भार आतली हवा असह्य करून सोडेल. भिंतींतून थोडी उष्णता निघून जाईल म्हणून आकडा चाळीस अंशांच्या वाढीपर्यंत जाणार नाही, पण धोका खराच आहे. फेरीपुरती चार किलोची बॅटरी तीन तास पुरणार नाही. आणि एसीचा डबा थंडावा धरून ठेवण्यासाठी घट्ट बंद केलेला असतो. वीज गेलेला घट्ट डबा हा फटी असलेल्या डब्यापेक्षा कितीतरी वाईट. उघडी फट बंद पडत नाही, तिला चार्ज करावं लागत नाही. चालत्या पाळण्यात काही अंश कमी करण्यासाठी अडकलेल्या पाळण्यातली हवा पणाला लावणं हा चुकीचा सौदा आहे. यावर कुणी म्हणेल, अडकणं विरळा आणि उकाडा रोजचा. खरं आहे. पण रोजचा उकाडा गैरसोय आहे, आणि अडकलेल्या डब्यात म्हातारं माणूस किंवा तान्हं मूल असेल तर तो जिवाचा प्रश्न आहे. दोन्ही एकाच तराजूत तोलता येत नाहीत.

हाच पेच आपल्याकडे जमिनीवर आला आहे, म्हणून तो परका समजू नये. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलमधून प्रवासी पडून मृत्युमुखी पडले. मुंबईत एसी लोकल डिसेंबर २०१७ पासून आहे, पण बहुसंख्य लोक अजून साध्या लोकलने जातात, आणि त्या लोकलची दारं उघडी राहतात ती डब्यात जीव गुदमरतो म्हणूनही. मुंब्र्यानंतर रेल्वेने साध्या लोकललाही आपोआप बंद होणारी दारं बसवण्याचं जाहीर केलं. त्यासोबत तीन गोष्टी सांगितल्या: दारांना झडपा, छतावर बाहेरची हवा आत घेणारी यंत्रणा, आणि एका डब्यातून दुसऱ्यात जाण्याची वाट. दार बंद करायचं तर हवेची वाट आधी आखली पाहिजे, हे त्यात मान्य केलेलं आहे. स्कायवेकडून स्कायलायनरकडे येताना डिस्नेला जे सोडवावं लागलं, तेच हे कोडं.

पाळण्यात किती उकाडा सोसावा लागतो, यात अंतराचाही भाग आहे. रायगडचा रोपवे १९९६ पासून चालतो आणि चारेक मिनिटांत वर पोचवतो. तेवढ्या वेळात डबा तापण्याआधी माणूस उतरतो, आणि दरीतून वर येणारा वारा असतोच. लांब आणि सपाट मैदानातल्या शहरी रोपवेला ही सवलत नाही. वाराणसीत रेल्वे स्थानकापासून गोदौलियापर्यंत पावणेचार किलोमीटरच्या आसपासचा रोपवे उभा राहतो आहे, तोही दहाजणांच्या पाळण्यांचा, आणि तिथे माझ्या म्हणण्याची खरी मर्यादा दिसते. मे महिन्यात तिथे पारा ४२ च्या वर जातो. त्वचेचं तापमान ३५ अंशांच्या आसपास असतं. बाहेरची हवा त्याहून गरम झाली की वारा अंगातली उष्णता नेत नाही, उलट आणून देतो. मग भिस्त फक्त घाम वाळण्यावर राहते. जागतिक आरोग्य संघटना ४० अंशांच्या वर पंख्यावर विसंबू नका असं सांगते ते यामुळेच. तिथे नुसत्या फटी पुरणार नाहीत. छत दुहेरी करावं लागेल, काच निम्म्याने कमी करावी लागेल, रांगेतली माणसं आधीच तापून पाळण्यात येऊ नयेत म्हणून स्थानकं गार ठेवावी लागतील, आणि भर दुपारच्या काही तासांपुरता कदाचित एसीही आणावा लागेल. तो आणताना अट एकच असावी: वीज गेली की खालची आणि वरची झडप स्प्रिंगच्या जोरावर आपोआप उघडली पाहिजे, म्हणजे तापलेली हवा वरून निघेल आणि तिच्या जागी खालून दुसरी येईल. ही झडप प्रवाशाच्या हाताने उघडण्यासारखीही असावी, आणि रोपवे सुरू करण्याआधी दहा माणसांच्या वजनाची आणि उष्णतेची बरोबरी करणारा भार ठेवून, भर दुपारच्या उन्हात पाळणा तासभर थांबवून आतला पारा मोजला जावा.