नेव्हेआ

नेव्हेआ : अमेरिकेत रूढ झालेले मुलींचे घडीव नाव. स्वर्गवाचक ‘हेवन’ या इंग्रजी शब्दाची अक्षरे उलट क्रमाने लावून ते बनते. पी.ओ.डी. या ख्रिस्ती रॉक बँडचा गायक सनी सँडोव्हल याने २००० मध्ये एमटीव्हीवर आपल्या मुलीचे हे नाव सांगितले. २००१ मध्ये ते राष्ट्रीय यादीत २६६वे, तर २०१० मध्ये २५वे होते. निव्वळ प्रसिद्धीवर नाव इतकी वर्षे चढत राहत नाही. मिया, माया यांसारखा आकारान्त नाद आणि झाकलेली श्रद्धा, दोन्ही त्यात एकदम साधतात. परंपरा नाही, हा आक्षेप लंगडा आहे : आज प्रतिष्ठित असलेले ‘व्हेनेसा’ही जोनाथन स्विफ्टने एस्थर व्हॅनहॉमरी हिच्या नावातून जुळवले होते.