रायफलची दुर्बीण : कोणती घ्यावी, कशी बसवावी आणि कुठे चालतच नाही

राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक जिंकलं. त्याआधी २०१० मध्ये कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत म्युनिकमध्ये विश्वविजेत्या झाल्या होत्या. अशी नावं ऐकून खेड्यातल्या घरातही 'पोराला नेमबाजीला घालायचं का?' हा विषय निघतो. मग एअरगन घेतली जाते आणि लगेच मोबाईलवर दुर्बिणींचा शोध सुरू होतो. बरेच पैसे नेमके इथेच वाया जातात.

आधी हे ठरवा : दुर्बीण लागणार आहे का?

मुलाला किंवा मुलीला शाळा, जिल्हा, राज्य अशा स्पर्धांत उतरवायचं असेल, तर दुर्बीण घेऊ नका. ऑलिम्पिकमधल्या १० मीटर एअर रायफल आणि ५० मीटर रायफल या दोन्ही प्रकारांत रायफलवर भिंगाची दुर्बीण लावायला नियमाने मनाई आहे. सरकत्या लक्ष्यावर नेम धरण्याच्या वेगळ्या प्रकारात ती चालते, पण तो प्रकार ऑलिम्पिकमध्ये नाही.

स्पर्धेच्या रायफलवर जी साईट असते तिला डायॉप्टर किंवा पीप साईट म्हणतात. तिच्यात मोठं करून दाखवणारं भिंग नसतं. मागे बारीक छिद्र आणि पुढे एक गोल कडी, एवढंच. छिद्रातून पाहिलं की पुढची कडी त्यात मधोमध दिसते आणि कडीच्या मधोमध लक्ष्याचा काळा गोल धरायचा. कडी फार घट्ट घेऊ नये. काळ्या गोलाभोवती पांढरी कड स्पष्ट दिसली पाहिजे, म्हणजे गोल जरा सरकला तरी डोळ्याला लगेच कळतं. नंबर असलेल्यांना चष्मा घालून खेळता येतं.

१० मीटरच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका फक्त ०.५ मि.मी.चा असतो. जगातले नेमबाज तो भिंगाशिवाय टिपतात. म्हणून नव्या खेळाडूचे पैसे आधी सराव, छर्रे आणि चांगला प्रशिक्षक यांवर जावेत.

दुर्बीण उपयोगी पडते ती छंद म्हणून कागदी लक्ष्यावर अचूक मारा करणाऱ्याला. पुढची माहिती अशांसाठी.

दुर्बिणीवरचे आकडे काय सांगतात?

४x३२ असं लिहिलं असेल तर वस्तू ४ पट मोठी दिसते आणि पुढच्या भिंगाची रुंदी ३२ मि.मी. आहे. ३-९x४० म्हणजे मोठेपणा ३ पासून ९ पटीपर्यंत बदलता येतो आणि पुढचं भिंग ४० मि.मी.चं.

आकडा मोठा म्हणजे दुर्बीण चांगली, असं नाही. पुढच्या भिंगाच्या आकड्याला पटीने भागलं की डोळ्यापर्यंत येणाऱ्या उजेडाच्या गोलाची रुंदी मिळते. ४० भागिले ४ म्हणजे १० मि.मी. तीच दुर्बीण ९ पटीवर नेली की हा गोल साडेचार मि.मी.च्याही खाली येतो. मग डोळा जरा इकडेतिकडे झाला की कडेने काळं दिसतं. शिवाय पट वाढवली की हाताची थरथरही तेवढीच मोठी दिसते. १० ते २५ मीटरच्या सरावाला ४ पट पुरेशी आहे.

एअरगनसाठी वेगळी दुर्बीण का?

इथे दोन गोष्टी पाहायच्या.

पहिली म्हणजे धक्का. स्प्रिंगच्या एअरगनला दोन उलटसुलट धक्के बसतात. आतला पिस्टन पुढे धावताना बंदूक मागे येते आणि पिस्टन थांबला की ती झटक्यात पुढे जाते. साध्या बंदुकीची दुर्बीण मागे येणारा धक्का सोसायला बनवलेली असते. पुढच्या झटक्याने तिची भिंगं आणि आतली तार ढिली होते. म्हणून दुर्बीण स्प्रिंगच्या एअरगनला चालते असं खोक्यावर लिहिलेलं आहे का, ते बघूनच घ्या.

दुसरी म्हणजे पॅरॅलॅक्स. डोळा थोडा हलवला की फुलीही लक्ष्यावरून सरकताना दिसते, त्याला पॅरॅलॅक्स म्हणतात. बऱ्याच दुर्बिणी १०० यार्डांसाठी जुळवलेल्या असतात. १० मीटरवर त्यांतून धुरकट दिसतं आणि नेमही चुकतो. पुढच्या भिंगावर किंवा बाजूला फिरवायची कडी असलेली आणि १० यार्डांपर्यंत जुळणारी दुर्बीण घ्यावी.

माउंट जुळतो का ते आधी मोजा

दुर्बीण बंदुकीवर ज्या कड्यांत बसते तो माउंट. एअरगनवर साधारण ११ मि.मी.ची खोबण असते. मोठ्या रायफलवर रुंद, आडवे खाचे असलेली पट्टी असते. एकाचा माउंट दुसऱ्याला बसत नाही. काही स्वस्त एअरगनवर खोबणच नसते. तिथे वेल्डिंग किंवा ड्रिल मारण्याच्या भानगडीत पडू नका.

दुर्बिणीची नळी १ इंची, म्हणजे २५.४ मि.मी. असते किंवा ३० मि.मी.ची. कड्या त्याच मापाच्या हव्यात. स्प्रिंगच्या एअरगनला अखंड एकाच तुकड्याचा आणि अडवणारी पिन असलेला माउंट घ्या. नाहीतर दोन्ही बाजूंच्या झटक्यांनी दुर्बीण हळूहळू मागे सरकते.

बसवण्याची पद्धत

१. बंदूक रिकामी आहे ना, हे स्वतः दोनदा पाहा.

२. खोबण आणि कड्यांवरचं तेल कोरड्या फडक्याने पुसून घ्या. तेल राहिलं की पकड सुटते.

३. माउंट खोबणीत बसवा. बंदुकीवर पिनसाठी भोक असेल तर पिन त्यात उतरवा. मग खालचे स्क्रू आवळा.

४. दुर्बीण कड्यांत ठेवा. वरचे स्क्रू नुसते टेकवा, आवळू नका.

५. डोळे मिटून बंदूक नेहमीसारखी खांद्याला लावा, गाल टेकवा आणि मग डोळा उघडा. पूर्ण गोल उजळ दिसेपर्यंत दुर्बीण मागेपुढे करा. डोळा आणि मागचं भिंग यांत साधारण तीन ते साडेतीन इंच अंतर राहतं. पट बदलणारी दुर्बीण असेल तर हे सगळ्यात मोठ्या पटीवर करा.

६. फुली सरळ करा. यासाठी गवंड्याचा ओळंबा उत्तम. समोर दहा मीटरवर ओळंबा टांगा, बंदूक आडवी-उभी तिरकी नाही हे पाहून ती पक्की टेकवा आणि फुलीची उभी रेघ दोरीशी जुळवा. फुली तिरकी राहिली तर स्क्रू वर फिरवल्यावर छर्रा बाजूलाही सरकतो.

७. वरचे स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीने, थोडे थोडे आवळा. दोन्ही बाजूंची फट सारखी राहिली पाहिजे. छोट्या ॲलन किल्लीने बोटांच्या जोरावर आवळलं तरी पुरतं. पाना लावून ताकद काढली की नळी दबते आणि दुर्बीण कायमची बिघडते.

झिरो करणे : क्लिकचा हिशेब

बंदूक वाळूच्या पिशवीवर टेकवून १० मीटरवर पाच छर्रे मारा. एका छर्ऱ्यावरून काही ठरवू नका. पाचही भोकांचा मध्य शोधा.

बहुतेक दुर्बिणींत एक क्लिक पाव एमओए असते. १०० मीटरवर एक एमओए म्हणजे सुमारे २९ मि.मी., म्हणून १० मीटरवर २.९ मि.मी. तिथे एका क्लिकने छर्रा सुमारे ०.७३ मि.मी. सरकतो. मध्य १ सें.मी. खाली आणि अर्धा सें.मी. उजवीकडे असेल, तर १४ क्लिक वर आणि ७ क्लिक डावीकडे. मग पुन्हा पाच छर्रे मारून तपासा.

क्लिक फिरवूनही छर्रे पसरलेलेच पडत असतील तर दुर्बिणीला दोष देण्याआधी माउंटचे स्क्रू बघा. त्यानंतर छर्रे बदलून पाहा. एकाच बंदुकीत वेगवेगळ्या कंपनीचे छर्रे वेगळे पडतात.

कायदा आणि काळजी

शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ४.५ मि.मी.पेक्षा मोठी नळी किंवा २० ज्यूलपेक्षा जास्त ताकद असलेल्या एअरगनला परवाना लागतो. दुकानदार तोंडी काही सांगो, कागदावरचे आकडे वाचा.

एअरगनला परवाना नसला तरी शिकारीची मुभा मिळत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार मोर, ससा, तितर यांसारखे वन्य प्राणी-पक्षी मारणं गुन्हा आहे. पिकात रानडुक्कर शिरत असेल तरी आधी वन विभागाकडे अर्ज करायचा.

बंदुकीवर लावलेल्या दुर्बिणीतून माणूस, गुरं किंवा वाट न्याहाळू नये, कारण तुम्ही पाहताय तिकडेच नळी रोखलेली असते. लांबचं बघायचं असेल तर हातातली दुर्बीण वापरा. दुर्बिणीतून सूर्याकडे कधीच बघू नका. लक्ष्यामागे मातीचा उंच ढिगारा हवाच. दगड, लोखंडी पत्रा किंवा सिमेंटची भिंत असेल तर छर्रा उलटून डोळ्यात येतो. लहान मुलांच्या हातात एअरगन मोठ्या माणसाशिवाय देऊ नका आणि काम झालं की ती कुलपात ठेवा.

खरेदीआधी हे विचारा

स्पर्धेसाठी की छंदासाठी? खोबण किती मि.मी.ची? नळी १ इंची की ३० मि.मी.ची? पॅरॅलॅक्स १० यार्डांपर्यंत जुळतो का? स्प्रिंगच्या एअरगनला चालते का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'स्पर्धेसाठी' असेल, तर पुढचे प्रश्न सोडा आणि जवळच्या रेंजवरच्या प्रशिक्षकाला आधी भेटा.